सतरा नंबरच्या डब्यातली साळुंकी

आयुष्यभर आकाशपाळण्याचे नटबोल्ट आवळले असं सांगितलं, की समोरचा माणूस हमखास दोनपैकी एक प्रश्न विचारतो. पाळणा वरच अडकला तर काय करता? आणि तुम्हाला चक्कर येत नाही का? पहिल्याचं उत्तर असं, की हातानं फिरवून उतरवतो. त्यासाठी एक लांब दांडा असतो आणि चार धट्टीकट्टी माणसं लागतात. दुसऱ्याचं उत्तर असं, की मी पाळण्यात बसतच नाही. सगळ्या नोकरीत दोनदा बसलो असेन, तेही बायकोच्या हट्टापायी आणि डोळे मिटून.

खरा विचारण्यासारखा प्रश्न आजवर एकानंही विचारलेला नाही. तो म्हणजे, तिथं वर राहतं कोण?

सांगतो. पण आधी थोडं आमच्या धंद्याबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आम्ही कुलकर्णी. चार पिढ्या कागदावर जगलेलं घराणं. पणजोबा दप्तर सांभाळायचे, वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते आणि एक चुलते वेरूळला पूजा सांगायचे. आमच्या घरात तेल फक्त समईला आणि डोक्याला. त्या घरातला मी आयटीआयला जाऊन फिटर झालो आणि कोपरापर्यंत ग्रीस माखून घरी येऊ लागलो, तेव्हा वडील माझ्या आंघोळीचं पाणी वेगळ्या बादलीत काढून ठेवायला लागले. पुढं मी शहराबाहेरच्या एका करमणूक पार्कात फोरमन झालो. तेव्हा ‘शहराबाहेर’ म्हणजे खरोखरच बाहेर होतं. उस्मानपुऱ्यातून सायकलनं निघालं की अर्धा रस्ता नुसती वडाची झाडं आणि माळ. आता तिथं पार्काच्या चारी बाजूंनी इमारती आहेत आणि लोक गॅलरीत कपडे वाळत घालता घालता आमचा पाळणा बघतात.

आमच्या पाळण्याला वीस डबे होते. प्रत्येकाला नंबर. आकाशपाळणा चालवणं म्हणजे मुख्यतः तोल सांभाळणं. एक नंबरात चार माणसं बसवली की समोरच्या अकरात चार बसवायची. सगळ्या वऱ्हाडाला एकाच बाजूला बसायचं असतं, नवऱ्या मुलाच्या जवळ, आणि आम्ही त्यांची ताटातूट करतो म्हणून शिव्या खातो. एकदा पैठणची एक विणकर बाई आली होती. पूर्ण फेरी डोळे गच्च मिटून बसली, उतरली आणि म्हणाली, “आता अजून एकदा बसवा, आता उघडते.” बसवली. परत मिटून आली.

दुसरी गोष्ट आहे मुक्कामाची. मला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींचा हा शब्द. रात्री पाळणा बंद करताना तळाशी कोणता डबा उभा आहे, तो त्या दिवशीचा मुक्काम. तो रोज बदलायचा. आज एक, उद्या चार, परवा सात. चाक फिरवायचं नसलं तरी सकाळी तीन डबे पुढं ढकलून मुक्काम हलवायचा. कारण असं, की एवढ्या मोठ्या चाकाचा सगळा भार मधल्या आसाच्या बेअरिंगवर असतो. चाक उभं असलं तरी वाऱ्यानं थरथरत असतं. रोज त्याच जागी उभं केलं तर तिथलं ग्रीस दबून बाहेर जातं आणि त्याच जागी लोखंडावर लोखंड घासत राहतं. गादीवर रोज एकाच जागी बसलं की खळगा पडतो ना, तसा पोलादाला पडतो. मुक्कामाचं एक रजिस्टर होतं. ते रोज मी लिहायचो, वळणदार अक्षरात. मालकांचा, म्हणजे आमच्या शेठचा, त्या रजिस्टरवर वेदवाक्यासारखा विश्वास होता.

आता पाखरांकडे येतो. माळावर सगळ्यात उंच वस्तू आमचीच. त्यामुळं वर कायम वस्ती असायची. रोलर कोस्टरच्या चढावर पारवे, त्यांचा उपद्रव फार. टॉवरच्या टोकाला घारीचं घरटं. ते एकदा हंगाम संपल्यावर खाली काढलं तर त्यात बाइंडिंगची तार, लहान मुलाचा एक मोजा, कापडी फीत आणि पार्कातल्या आमच्याच दुरुस्तीच्या कारखान्यातला हरवलेला दहा-अकराचा पाना निघाला. त्या पान्यावरून मी एका हेल्परला बोल बोल बोललो होतो. घारीनं त्याची बाजू लावून धरली म्हणायची.

पण हे सगळं उभ्या, न हलणाऱ्या सांगाड्यावर. फिरत्या चाकावर कुणी घर केलेलं मी पाहिलं नव्हतं. ते पाहिलं दुष्काळाच्या वर्षी.

त्या वर्षी जायकवाडीचं पाणी इतकं मागं सरलं, की लोक सुट्टीच्या दिवशी धरणाचा तळ बघायला जाऊ लागले. शहरात नळाला पाणी यायच्या दिवशी ऑफिसं ओस पडायची. आमच्या पाण्याच्या घसरगुंड्या साहजिकच बंद झाल्या. कोरड्या निळ्या हौदात कुत्री झोपायची. गिऱ्हाईक तुटलं. होळीनंतर शेठनं ठरवलं, की पाळणा फक्त रविवारी संध्याकाळी चालवायचा, बाकी सहा दिवस बंद. पुढं मुलांच्या सुट्ट्या लागल्या की रोज. आणि त्याच महिन्यात रस्ता रुंद करायचा म्हणून आमच्या कुंपणाबाहेरचे ते वड आडवे झाले. ढोल्यांसकट.

पार्काच्या झाडलोटीला तेव्हा ध्रुपदाबाई होत्या. धनगराच्या. त्यांची मेंढरं चाऱ्यापायी दिरानं गोदाकाठाला नेली होती आणि बाई मजुरीला शहरात आल्या होत्या. काम चोख आणि नजर फार बारीक. एका सकाळी त्यांनी मला पाळण्याखाली बोलावलं. जमिनीवर वाळकं गवत, प्लॅस्टिकची चिंधी आणि सापाच्या कातेचा तुकडा पडला होता.

“भाऊ, वर बघा. सतरा नंबरात संसार मांडलाय कुणीतरी.”

प्रत्येक डब्याला छत्री असते आणि छत्रीच्या आतून एक आडवी पोकळ नळी जाते. नळीच्या दोन्ही टोकांना रबरी झाकणं असतात. सतराचं एक झाकण गळून पडलं होतं, ते बसवायचं काम माझं आणि मी ते आज करू उद्या करू करत राहिलो होतो. त्या भोकातून पिवळी चोच बाहेर आली. साळुंकी. तिनं आमच्याकडे असं बघितलं, की आम्हीच तिच्या अंगणात उभे आहोत.

खरं म्हणजे तेव्हाच नळी साफ करून झाकण लावायला हवं होतं. पण मला एक कोडं पडलं आणि मी अडकलो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे मुक्काम हलवला. सतरा नंबर तीन डबे पुढं गेला. साळुंकी बाहेर गेली होती, ती चोचीत गवत घेऊन परत आली आणि आली ती थेट जुन्या जागी, जिथं आता वीस नंबर होता. वीसच्या नळीच्या टोकाला धडकली. झाकण बंद. मागं फिरली, कँटीनच्या पत्र्यावर बसली, पुन्हा त्याच जागी आली. सतरा नंबर तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. नळीचं तोंड उघडं, आतलं गवत बाहेर लोंबत होतं. तिला दिसत होतं, पण ते आपलं घर आहे हे काही पटत नव्हतं. बराच वेळ शोधाशोध केल्यावर तिला ते सापडलं.

म्हणजे पाखरू घर ओळखतं की घराची जागा?

मला दुसरं काही सुचेना. घरी जेवताना तेच. बायको म्हणाली, “त्या पक्ष्याला तरी संध्याकाळी घर सापडतं का? तुम्हाला सापडत नाही हल्ली.” मी खिशात एक वही ठेवायला लागलो. सोमवारी मुक्काम हलवला, साळुंकीला घर सापडायला चहा करून पिऊन होईल एवढा वेळ. मंगळवारी तेवढाच. ती शिकत नव्हती. मग मी डोकं लावलं. सतरा नंबरला खूण करू म्हणून छत्रीला एक लाल फडकं बांधलं. झालं काय, की त्या फडक्याला घाबरून नर-मादी दोघंही दुपारपर्यंत जवळ फिरकेनात. मी धावत वर चढून फडकं सोडलं. ध्रुपदाबाई खाली झाडू टेकवून हसत होत्या.

“भाऊ, मेंढराचं कोकरू हजारात बी आपल्या आईला वासानं वळखतंय. पाखराचं तसं नसतंय. त्याला ठिकाण लागतं.”

“पण ही तर चालत्या मेंढरांच्या पाठीवर बसते ना?”

“बसती की. पण पाठीवर अंडी घालती व्हय?”

एवढ्या सरळ उत्तरानं माझं शास्त्र संपलं. तरी खात्री करावी म्हणून एक दिवस मुक्काम हलवून, साळुंकी दाणापाण्याला गेलेली असताना चाक उलटं फिरवून सतरा नंबर पुन्हा पहिल्या ठिकाणी आणला. ती आली ती सरळ आत. एक क्षणही घुटमळली नाही. वहीत लिहिलं: ‘ठिकाण.’ आणि मला इतका आनंद झाला, की मी तो सांगायला पार्कभर माणूस शोधत फिरलो.

सापडले रशीदभाई. पाळण्याचे ऑपरेटर. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठे, पण मी फिटर म्हणून मला मास्तर म्हणायचे. लिव्हरवर त्यांचा हात म्हणजे काय सांगावं. भरलेला पाळणा ते असा थांबवायचे, की डब्यात पाण्याचा पेला ठेवला असता तर हिंदकळला नसता. नवशिके ऑपरेटर ब्रेक मारतात. रशीदभाई चाकाला थांब म्हणायचे आणि ते थांबायचं. मी त्यांना माझा शोध सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“हौ, सही है. पर मास्तर, अंडे दिए क्या उसने?”

दिले होते. मी मागच्या आठवड्यात आरसा आणि टॉर्च घेऊन बघून आलो होतो. चार अंडी, निळीशार.

“फिर रोज सुबह का ये खेल? वो बेचारी आधा घंटा बाहर, अंडे अंदर.”

त्यांनी सहज म्हटलं, पण मला ते लागलं. माझ्या कोड्यापायी ती रोज घर हरवत होती. त्या दिवशी मी ठरवलं, की पिल्लं उडेपर्यंत मुक्काम हलवायचा नाही. सतरा नंबर कँटीनच्या बाजूला, तळाच्या डब्यापासून वर तिसरा, तिथंच राहील. तळाशी वीस नंबर. रोज वीस.

रशीदभाई म्हणाले, “नक्को मास्तर. चाक को एक जगह खडा नक्को करो. आपने ही सिखाया.”

“पाच आठवड्यांचा प्रश्न आहे, रशीदभाई. रविवारी फिरतंच की.”

“आप मालिक हो मशीन के,” ते म्हणाले.

आता खरा अपराध सांगतो. मुक्काम न हलवणं ही एक चूक झाली. दुसरी अशी, की दर पंधरवड्याला बेअरिंगमध्ये ग्रीस भरताना चाक अर्धा तास हळूहळू फिरवावं लागतं, ते मी एकदा टाळलं, कारण नेमकी पिल्लं बाहेर आली होती आणि दोघं नर-मादी नाकतोडे आणून आणून थकली होती. आणि तिसरी, जी पहिल्या दोन्हींपेक्षा वाईट. रजिस्टरमध्ये मी रोज वेगळा मुक्काम लिहीत राहिलो. आज एक, उद्या चार, परवा सात. शेठनं विचारू नये म्हणून. वळणदार अक्षरात.

ते पाच आठवडे मात्र माझ्या नोकरीतले सगळ्यात मजेचे. रविवारी पाळणा सुरू झाला, की नर-मादी चोचीत भक्ष्य धरून तिकीटखिडकीच्या छपरावर बसायची, गावाला जाणारी गाडी चुकलेल्या माणसांसारखी. मग रशीदभाईंनीच युक्ती काढली. दर थोड्या वेळानं माणसं चढवण्या-उतरवण्याच्या निमित्तानं ते चाक असं थांबवायचे, की सतरा नंबर बरोब्बर आपल्या ठिकाणी यावा. दोन मिनिटांचा थांबा. साळुंकी झपकन आत, पिल्लांचा एकच कलकलाट, झपकन बाहेर. सतरा नंबरवर आम्ही ‘नादुरुस्त’ पाटी लावली होती आणि तोल राहावा म्हणून समोरचा सातही रिकामा ठेवला होता. एका गृहस्थानं भांडण काढलं, की सात नंबर तर धडधाकट दिसतो, आम्हाला का देत नाही? रशीदभाई गंभीरपणे म्हणाले, “साहब, वो रिझर्वेशन का है.”

ध्रुपदाबाई करवंटीत टँकरचं घोटभर पाणी भरून कँटीनच्या पत्र्यावर ठेवायच्या. चारातली तीन पिल्लं जगली. एका शुक्रवारी सकाळी पहिलं बाहेर आलं, छत्रीच्या काठावर बसलं, खाली बघितलं आणि पुन्हा आत गेलं. माझ्यासारखंच. शनिवारपर्यंत तिन्ही उडाली. मी शनिवारीच नळी साफ करून झाकण ठोकून बसवलं, ग्रीस भरलं आणि मुक्काम हलवला. सुटलो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सुट्ट्या लागल्या होत्या. दुष्काळ असला तरी पोरांना कुठंतरी न्यावं लागतंच, त्यामुळं गर्दी उसळली. पाळणा भरून फिरत होता आणि मी तिकीटखिडकीपाशी उभा होतो. तेवढ्यात ऐकलं. टक्. गाणी वाजत होती, पोरं किंचाळत होती, दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसेल. चाक एक फेरी फिरलं. पुन्हा टक्. त्याच जागी. रशीदभाईंनी लिव्हरवरून माझ्याकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं.

मी हात आडवा केला. गाणी बंद करवली. पाळणा अडकलेला नव्हता, पडणारही नव्हता, पण ते बेअरिंग अजून किती फेऱ्या देईल हे मला सांगता येत नव्हतं आणि वर सत्तरेक माणसं होती. उतरवतानाही तोल सांभाळायचा. एका डब्यातली माणसं उतरवली की चाक हळूच अर्धं फिरवून समोरच्या डब्यातली. असं सगळं चाक रिकामं करायचं. रशीदभाईंनी ते तास-दीड तास असं चालवलं, की लोकांना वाटलं हीच आजची पद्धत आहे. चौदा नंबरातल्या एका आजोबांनी तर उतरायलाच नकार दिला. म्हणाले, माझ्या दोन फेऱ्या राहिल्यात. शेवटचा डबा रिकामा झाला तेव्हा मी जाऊन मेन स्विच बंद केला. रशीदभाई लिव्हर सोडून खाली बसले आणि रुमालानं चेहरा पुसत राहिले.

तीन दिवसांनी पुण्याहून बेअरिंगचा जाणकार आला. झाकण काढलं, बोट फिरवलं, टॉर्च मारला. मी आणि रशीदभाई शिडीवर, शेठ खाली.

“एकाच जागी खड्डे आहेत,” तो म्हणाला. “चाक रोज एकाच ठिकाणी उभं ठेवत होता का?”

शेठनं खालूनच उत्तर दिलं, “शक्य नाही. रजिस्टर आहे आमच्याकडे.” आणि त्यांनी ते मागवून वर पाठवलं. एक, चार, सात, दहा. जाणकारानं पानं चाळली.

“मग ब्रेकचा झटका. थांबवणारा माणूस नेहमी एकाच ठिकाणी जोरात मारत असणार. ऑपरेटर कोण?”

तिथं बोलायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर तेवढ्यावर संपलं असतं. मी बोललो नाही. कारण हे, की शेठनं जाणकाराला सांगितलं, “कुलकर्णींच्या घराण्यात खोटं लिहीत नाहीत, साहेब,” आणि मला ते ऐकायला बरं वाटलं. त्याही क्षणी बरं वाटलं. रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते शिडीवरून उतरून गेले.

ज्या माणसाच्या हातून पाण्याचा पेला हिंदकळत नसे, त्याच्यावर झटका मारल्याचा ठपका आला. शेठनं त्यांना पाळण्यावरून काढून मुख्य फाटकावर उभं केलं. तिकीट फाडायला. पगार तोच, असं शेठ वारंवार सांगायचे. नवीन बेअरिंग येईपर्यंत पाळणा बंद होता. मी त्याच फाटकातून रोज आत जायचो. “सलाम रशीदभाई.” “सलाम.” उन्हात उभं राहून त्यांचा चेहरा रापला होता. पोरंसोरं त्यांना ‘ए गेटवाले’ म्हणून हाक मारायची. मी रोज ठरवायचो की आज शेठकडे जाऊ, आणि रोज काहीतरी काम निघायचं. कामाला काय, शोधलं की निघतं.

आठव्या दिवशी ध्रुपदाबाई कारखान्याच्या दारात आल्या. कचरा न्यायला आल्या असतील असं वाटलं, पण हातात झाडू नव्हता.

“भाऊ, एक इचारू? राग नाय ना?”

“विचारा.”

“पाखरापायी आपुन लई जीव टाकला. चांगलं झालं. पन माणूस उन्हात उभा केला, त्याचं काय?”

बाईंना रजिस्टर वाचता येत नव्हतं. पण पाच आठवडे रोज सकाळी त्या पाळण्याखाली झाडत होत्या आणि वीस नंबर त्यांच्या डोक्यावर होता.

तसाच उठलो आणि शेठकडे गेलो. सगळं सांगितलं. साळुंकी, ठिकाण, मुक्काम, ग्रीस, रजिस्टर. मला वाटलं ते भडकतील. ते आधी हसले, “साळुंकीसाठी?” म्हणाले. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “झालं ते झालं. जाणकाराचा अहवाल आलाय, फाइल बंद आहे. रशीद गेटवर ठीक आहे. तुमचं नाव कशाला यात?”

मला राग आला. शेठचा नाही, या सोयीचा. माझं नाव वाचवायला सगळं जग तयार होतं. मी रजिस्टर मागवलं, तिथंच त्यांच्या टेबलावर उघडलं आणि लाल पेनानं पाच आठवड्यांची एकेक ओळ खोडली. प्रत्येक ओळीपुढं लिहिलं, ‘वीस’, आणि प्रत्येक ओळीपुढं सही केली. सही करता करता हात दुखायला लागला. मी म्हटलं, “हे जाणकाराला पाठवा. नाहीतर नवीन बेअरिंग बसल्यावर पाळणा चालू करायच्या कागदावर मी सही करणार नाही.” पाठवलं त्यांनी. नाइलाजानं. रशीदभाई दुसऱ्या दिवसापासून फाटकावरून मोकळे, आणि नवीन बेअरिंग बसल्यावर पाळण्यावर परत. मुक्कामाचं रजिस्टर वर्षभर माझ्याकडून काढून घेतलं आणि ते योग्यच झालं.

पण त्याआधी मी फाटकावर गेलो. संध्याकाळ झाली होती, शेवटचं कुटुंब बाहेर पडत होतं. मी सगळं सांगितलं, माफी मागितली आणि मग जे विचारू नये ते विचारलं. “तुम्ही का नाही बोललात, रशीदभाई? तुम्हाला माहीत होतं.”

ते फाटलेली तिकिटं डब्यात भरत होते.

“मैं बोलता तो शेठ कागज देखते,” ते म्हणाले. “कागज आपका था.”

डब्याचं झाकण लावून म्हणाले, “बोले नहीं, वो मैं समझा. आदमी डर जाता. पर आठ दिन आप इसी गेट से अंदर आए.”

मी फाटकाची दुसरी बाजू ओढून लावली.

आम्ही नंतर अकरा वर्षं एकत्र काम केलं. चहा एकत्र, ईदला शिरखुर्मा त्यांच्याकडं, दिवाळीला ते आमच्याकडं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही आणि मीही नाही. साळुंकीची गोष्ट मात्र मी हजारदा सांगितली. लग्नात सांगितली, नातवंडांना सांगितली, एकदा शाळेच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून सांगितली. पाखरू घर ओळखत नाही, ठिकाण ओळखतं, यावर लोक खूश होतात. रशीदभाई समोर बसलेले असतानाही सांगितली. आणि प्रत्येक वेळी तीन पिल्लं उडाली की मी थांबलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनीही वाजवल्या.

पुढचं आज पहिल्यांदा लिहिलं. रशीदभाई आता रोशन गेटजवळ मुलाकडे असतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण मराठी चांगलं वाचतात, सावकाश, ओळीखाली बोट धरून. हा अंक छापून आला की मी टपालानं पाठवणार नाही. स्वतः नेऊन देईन आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत येईतो समोर बसून राहीन.